पान उलटायला लागलेला वेळ

त्या नाटकात बापाचं काम मला हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं, असा प्रश्न तुम्हाला पडायला नको.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि मी तिथल्या एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. सकाळी पालघरहून गाडीने बोईसर, पुढे ट्रकच्या फाळक्याला धरून साइटवर. दिवसभर नटबोल्ट आणि वेल्डिंगच्या कांड्या द्यायच्या आणि रजिस्टरात सह्या घ्यायच्या. कामावर सगळ्या मुलखांतली माणसं होती. सातारा-सोलापूरकडचे फिटर, नागपूरकडचे गवंडी, हिंदी बोलणारे क्रेनवाले आणि आसपासच्या गावांतली आमची माणसं. एवढी माणसं एका ठिकाणी जमली आणि त्यांत मराठी असली, की सहा महिन्यांच्या आत नाटक निघणारच. तसं ते निघालं.

नाटक लिहिलं होतं आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या एका आरेखकाने आणि बसवणारही तोच. गृहस्थ बारीक, चष्मेवाला आणि जिभेचा फटकळ. मी त्याला बापाच्या कामाचे दोन प्रवेश म्हणून दाखवले, तेही पाठ करून, हातवाऱ्यांसकट. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुमचं पाठांतर उत्तम आहे. पण तुम्ही बोलता ना, ते भाषण वाटतं. तुमचं अक्षर मात्र फार सुरेख. असं करा, वह्या तुम्ही उतरवून काढा आणि विंगेत पुस्तक घेऊन उभे राहा."

म्हणजे प्रॉम्प्टर! अंगाचा तिळपापड झाला माझा. स्वभाव मुळातच तापट. नाकावर राग घेऊनच जन्माला आलाय, असं घरी आजही म्हणतात. पण नाटकाच्या बाहेर राहण्यापेक्षा विंगेत बरं, म्हणून गप्प बसलो.

बापाचं काम मिळालं एका वेल्डरला. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. पंचेचाळिशीचा, सोलापूरच्या पलीकडचा, चेहरा भट्टीत भाजल्यासारखा आणि बोलणं दिवसाकाठी दहा वाक्यं. तो तालमीला बघायला म्हणून आला होता. आरेखकाने गोष्ट सांगितली: एक बाप आहे, मुलगी त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून घर सोडून निघते आणि तो तिला अडवत नाही. गोष्ट संपल्यावर मिस्त्री उठला आणि म्हणाला, "ह्ये काम मला द्या." बस, एवढंच. आरेखकाने त्याला एक वाक्य म्हणायला लावलं. मिस्त्रीने ते म्हटलं आणि काम त्याला मिळालं. ते वाक्य त्याने कसं म्हटलं ते मला आठवत नाही. मी तेव्हा ऐकत नव्हतो, नुसता जळत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री माझ्या स्टोअरमध्ये आला. मी उतरवून दिलेली नक्कल, म्हणजे त्याच्या एकट्याच्या भाषणांची वही, त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, ह्ये वाचून दावाल का?"

"का? अक्षर लागत नाही?"

"अक्षर चांगलं आसंल की. मलाच येत न्हाई." मग दाराकडे बघून हळूच म्हणाला, "कुनाला बोलू नका. काम काढून घेतील."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझ्या हातचं काम ज्याने नेलं, त्याची किल्ली माझ्या हातात आली होती. पण "वाचतो की, या रोज" हेही मी मनापासून म्हटलं. दोन्ही खरं होतं. माणसाच्या मनात एका वेळी एकच गोष्ट असते, असं कोण म्हणतं?

मग रोज दुपारी आमची शाळा भरू लागली. मी पोत्यावर बसून वाचायचो. तो समोर खाली बसून, डोळे मिटून, भाकरी चावत ऐकायचा. नकलेवर त्याचं भागेना. समोरचा काय बोलतो तेही त्याला ऐकायचं असायचं. म्हणून मी माझी मोठी वही घेतली, जिच्यात सगळं नाटक होतं. त्याची एक अट होती. "येकदा वाचलं तसंच पुन्यांदा वाचा. आज येक, उद्या येक असं करू नका." मी म्हटलं, "अहो मिस्त्री, शब्द तेच आहेत ना?" तर म्हणाला, "शब्द तेच. पन मला नुसते शब्द ऱ्हात न्हाईत. मी पैले टाके मारून घेतो, मग शिवण भरतो. तुमी जागा हलिवली की माजे टाके सुटतात." वेल्डर माणूस. पत्रा जोडताना आधी ठिकठिकाणी टाके मारायचे आणि मग सलग जोड भरायचा, हे त्याचं रोजचं काम. नाटकही त्याने तसंच धरलं होतं. तीन दिवसांत अख्खा पहिला अंक त्याने मला म्हणून दाखवला आणि मी वहीवर बोट ठेवून बसलो, कुठे चुकतोय बघत. नाही चुकला पठ्ठ्या.

आता शेवटच्या प्रवेशाचं सांगतो. मुलगी बोचकं घेऊन दारात पोचली आहे. बाप म्हणतो, "निघालीस ना? मग आता मागं वळून बघू नकोस." आणि लगेच पुढे, "नाही. बघ. एकदा बघून जा." मी वही उतरवताना "बघू नकोस" पाशी पान संपलं होतं. "नाही, बघ" पान उलटल्यावर. आणि आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत असेल. समुद्र हाकेवर, कागद कायम दमट, पानाला पान चिकटलेलं. तिथे आलो की मी बोट ओलं करायचो, पान सोडवायचो, एखादी फुंकर मारायचो आणि सापडलं की "हं" म्हणून पुढे वाचायचो. रोज.

तालमी व्हायच्या बोईसरला एका भाताच्या गिरणीच्या पडवीत. पहिली पाळी सुटल्यावर दिवस मावळेपर्यंत. मुलीचं काम करायला तिथल्याच शाळेतल्या एक बाई कशाबशा तयार झाल्या होत्या. शेवटचा प्रवेश पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "मग आता मागं वळून बघू नकोस." आणि थांबला. थांबला तो थांबलाच. मान खाली गेली, ओठ जरासे हलले. मी विंगेतून वाक्य देणार, इतक्यात घशातल्या घशात "हं" आलं आणि मग, "नाही. बघ. एकदा बघून जा."

बाई दारातून वळल्या ते डोळ्यांत पाणी घेऊनच.  आरेखकाने चष्मा काढून पुसला. "मिस्त्री," तो म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाही. हे तुम्ही कुठून आणलंत?"

मिस्त्री लाजला. आणि मी विंगेत वही धरून उभा! अरे, कुठून आणलं म्हणजे? माझ्या थुंकीतून आणलं, माझ्या फुंकरीतून आणलं. ते "हं" माझं आहे!

पण बोललो नाही. त्या दिवशी नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्रीने माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. निम्म्या साइटची पत्रं मीच लिहायचो. पत्र त्याच्या मुलीला होतं, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन सासरी गेलेल्या. खुशाली झाली, पाऊसपाणी झालं, मग तो अडला. म्हणाला, "लिवा, तुला यष्टीत बशीवली त्या दिशी मला कायतरी बोलायचं व्हतं."

"काय?"

"ते ठावं असतं तर बोललो नसतो का? यष्टी सुटली."

"मग लिहू काय?"

त्याने बराच विचार केला. "ते काढून टाका. तिला लिवा, जावईबापूला घिऊन नाटक बघाया ये. माज्या कामाच्या वक्ताला नीट ध्यान दे म्हनावं."

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. तो त्या जागी का थांबतो, कुणासाठी थांबतो, नाटक कशासाठी करतो, सगळं. मी माझ्या हाताने लिहिलं होतं ते. आणि तरीही.

मिस्त्रीच्या त्या थांबण्याची पार साइटभर चर्चा झाली. लोक तालमीला तेवढं बघायला येऊ लागले. आरेखक तर येता-जाता सगळ्यांना तेच सांगायचा: "शब्द कोणीही म्हणेल, मिस्त्रीसारखं गप्प बसून दाखवा." एकदा हे माझ्याकडे बघून म्हणाला. वर हसला. झालं! डोक्यात तिडीक गेली माझ्या.

"कसलं गप्प बसणं घेऊन बसलात?" मी पडवीच्या मधोमध येऊन ओरडलो. "त्याला वाचता येत नाही! मी वाचून दाखवतो त्याला. तिथे माझ्या वहीचं पान उलटतं. ते पान सोडवायला मला वेळ लागतो, तेवढा वेळ हा थांबतो! ते 'हं'सुद्धा माझं आहे. हे बघा, हे पान." आणि मी वही उघडून सगळ्यांना दाखवली. बोट ओलं करून, फुंकर मारून दाखवली.

 मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळी पडवी हसली. दुष्टपणाने नव्हे, गंमत वाटली लोकांना. आरेखकही हसला. नाटकात गड्याचं काम करणारा, जवळच्या दांडी गावचा एक खलाशी तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "वाचता नाय येत तर काय झाला? आमी दर्यात जातो ते काय पुस्तकात बघून जातो?" पण त्याच्याकडे लक्ष कोण देतो!

मिस्त्रीचं काम कोणी काढून घेतलं नाही. ज्याची त्याला भीती होती ते झालंच नाही. तो सगळ्यांबरोबर थोडा हसला, डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं आणि म्हणाला, "चला, करूया फुडं."

रात्री मला झोप लागली नाही. आमच्या पालघरच्या आळीत एक भजनीबुवा होते. त्यांची एक दाढ दुखायची, म्हणून वरचा सूर लावताना ते डावा गाल ओढून घ्यायचे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सगळे जण, ज्यांच्या दाढा ठणठणीत आहेत ते, वरच्या सुराला डावा गाल ओढतात. आणि म्हणून त्यांचं गाणं खोटं आहे, असं मला कधी वाटलेलं नाही. जो तो दुसऱ्याकडूनच घेतो. सूर घेताना दाढही घेतो. पुढे त्या जागेत काय भरायचं ते ज्याचं त्याचं. हे मला कळत होतं हो, पण दुसऱ्याच्या बाबतीत. स्वतःवर आलं तेव्हा मी मालकी सांगायला धावलो, तीही एका चिकटलेल्या पानाची.

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असं वाटलं होतं. आला. नेहमीसारखा डबा घेऊन बसला.

"मिस्त्री, माझं चुकलं."

"चुकलं कुठं? खरं त्येच बोलला तुमी." भाकरी तोडत त्याने विचारलं, "मला येक सांगा. पुस्तकात तिथं काय हाय?"

"काही नाही."

"थांब म्हनून न्हाई लिवलेलं?"

"नाही."

"मला वाटलं, लिवलंय. तुमी रोज तिथंच थांबायचा. मी म्हनलं, लिवनाराला ठावं हाय की बाप अशा वक्ताला थांबतो. मलाबी आपलं बरं वाटलं. कुनालातरी ठावं हाय." मग पुढे म्हणाला, "त्ये पान नव्यानं लिवा. समदं येका पानावर घ्या आनि सलग वाचा."

मी हात जोडले. म्हटलं, "मिस्त्री, असं करू नका. ती जागा तुमची आहे. मी पान उलटत होतो, पण तुम्ही काय नुसते पान उलटत होता? तुम्ही त्या एस.टी.जवळ उभे होता. मला माहीत आहे, मीच पत्र लिहिलंय."

"आता न्हाई ऱ्हात मी तिथं उभा," तो म्हणाला. "काल रातच्याला करून बघितलं. थांबलो की तुमची फुकर ऐकू येती आनि मान्सं हसत्यात. भाऊसाहेब, पोरीफुडं मी दुसऱ्याची चूक कशी करू? तिला वाटंल, बापाला पुढचं आठवंना."

मी खूप बोललो. रागावलोसुद्धा, माझी जित्याची खोड. तो ऐकून घेत राहिला. शेवटी मी पान नव्याने लिहिलं, एकाखाली एक, "बघू नकोस", "नाही, बघ". आणि सलग वाचलं. त्याने डोळे मिटून तीनदा ऐकलं. टाके पक्के बसले. त्यानंतर प्रयोगापर्यंत त्या प्रवेशाची तालीम काही झाली नाही.

नाटक झालं एका रविवारी दुपारी, गिरणीच्या अंगणात, ताडपत्रीचा पडदा लावून. रात्रपाळीवाल्यांनाही बघता यावं म्हणून दुपारी. वाणगाव, पाम, कुठून कुठून माणसं आली होती. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मिस्त्रीची मुलगी बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. आदल्या दिवशीच नवऱ्याबरोबर आली होती. मी विंगेच्या फटीतून तिला बघून ठेवलं. नाक-डोळे थेट बापाचे.

मिस्त्रीने सुंदर काम केलं, हे सांगायला हवं. कुठे घाबरला नाही, कुठे आवाज चढवला नाही. लोक हसायच्या जागी हसले. मी वहीत बघतही नव्हतो, मला फक्त शेवटचा प्रवेश दिसत होता. तो आला. बाई बोचकं उचलून दाराकडे निघाल्या. मी विंगेत अगदी कडेला येऊन उभा राहिलो, मिस्त्रीला दिसेन असा, आणि हात वर केला. थांबा. तळहात त्याच्याकडे करून, जसा ट्रक थांबवतात. देवा, थांब म्हणावं याला. माझ्यासारख्या नालायकाला याची आयुष्यभराची अद्दल नको घडवू.

त्याने माझ्याकडे बघितलं. नक्की बघितलं.

"मग आता मागं वळून बघू नकोस. नाही. बघ. एकदा बघून जा."

एका दमात. बाई अजून पाठमोऱ्याच होत्या. त्यांची वळायची वेळ त्या थांबण्यावर बसलेली. "बघ" ऐकू आल्यावर त्या गर्रकन फिरल्या, बोचकं दाराच्या चौकटीला लागलं आणि मागच्या रांगेत कोणीतरी खिदळलं. मी मुलीकडे बघितलं. ती हसऱ्या चेहऱ्याने बापाकडे बघत होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. कशाला येईल? तिथे काही घडलंच नव्हतं. पडदा पडला. टाळ्या भरपूर झाल्या.

मी वही घेऊन मागे आलो तर ती नवऱ्याबरोबर आतच आली होती. बापाच्या पाया पडली आणि उभी राहून नुसती बघत राहिली, कौतुकाने फुलून गेलेली. मग म्हणाली, "आबा, येवढी भाषणं! येवढ्या मान्सांत! आनि येकदाबी अडखळला न्हाई तुमी." माझ्याकडे वळून म्हणाली, "घरात चार पावनी आली तरी ह्येंच्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई हो. मी ध्यान दिऊन बघत व्हते, कुठं आडत्यात का. येकदाबी न्हाई."

मिस्त्रीच्या तोंडावरचा रंग अजून पुसायचा होता. तो खराखुरा खूश होऊन हसला. आजही मी त्या हसण्यात काही दुसरं शोधतो आणि मला सापडत नाही. म्हणाला, "ऐकलं का भाऊसाहेब?"

 ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, मीही काहीतरी बरं बोलावं म्हणून.

"ऐकलं," मी म्हटलं. "खरं आहे, पोरी. एकदाही थांबले नाहीत."